समोरून एकही स्क्रू नको: वाचनालयाच्या बोर्डाच्या प्रकल्प नोंदी

२१ एप्रिल २०२४, रविवार

आज जुना बोर्ड उतरवला. वाचनालयाच्या दारासमोर रस्त्याच्या कडेला दोन लोखंडी पाईपांवर ठोकलेला होता, गडद निळी तीन एमएमची एसीपी शीट (अ‍ॅल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे, मध्ये प्लास्टिक), समोरूनच सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारलेले आणि प्रत्येक स्क्रूच्या खाली गंजाचा एक तांबडा ओघळ, तो बरोबर अक्षरांवरून खाली आलेला. लांबून वाटायचं कोणी पान खाऊन पिचकाऱ्या मारल्यात. अप्पांना (आमचे अध्यक्ष) त्याचाच राग, "ग्रंथालयाचं नाव वाचायच्या आधी गंज वाचावा लागतो" म्हणतात.

खाली उतरवल्यावर भोकं नीट बघितली. स्क्रू ५ एमएमचा आणि भोक गोल राहिलेलंच नाही, आडवं लांबुळकं झालंय, कडेच्या भोकांचं जास्त, मधल्यांचं कमी. भोकाभोवती पांढरी भुकटी. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम ओल्यात एकमेकांना चिकटून बसले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं, ती भुकटी त्याची. आणि लांबुळकं भोक म्हणजे शीट दर उन्हाळ्यात फुगायला बघते आणि स्क्रू तिला हलू देत नाही. उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात तर शीट फाटून स्क्रूचं डोकं आरपार निघून गेलेलं, स्क्रू पाईपमध्ये जसाच्या तसा शाबूत.

म्हणजे स्क्रू कमी पडले म्हणून बोर्ड गेला नाही, जास्त आवळले म्हणून गेला. नवीन बोर्ड करताना अप्पांची अट एकच, समोरून स्क्रू दिसायला नको. माझी अट त्याच्या पुढची, शीट कुठंच आवळायची नाही. टांगायची.

२५ एप्रिल

पर्याय बघून झाले.

नुसता डबल साईड टेप (व्हीएचबी) लावून शीट सरळ पाईपवर चिकटवणे. दिसायला झकास, पण उद्या बोर्ड बदलायचा झाला तर तार घालून कापत बसा, आणि पाईप जर थोडा पिळलेला असेल तर टेपला एका कडेने सतत ओढ बसते. टेप सरळ खेचला तर खूप धरतो, कडेने सोलला तर सोडतो. हा पर्याय बाद, पण टेप पूर्ण बाद नाही, पुढं लागणारे.

हायवेच्या बोर्डांना मागे अ‍ॅल्युमिनियमचं सेक्शन असतं, त्याच्या खाचेत बोल्टचं डोकं सरकतं आणि क्लॅम्पने पाईपला धरतात. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर धुळ्यापासून जळगावपर्यंत बोर्डांच्या मागे गेलं की बघायला मिळतं. मस्त पद्धत आहे, पण ते सेक्शन एक-दोन नग कोणी देत नाही.

तिसरा, झेड क्लिप. अ‍ॅल्युमिनियमची झेड आकाराची लांब पट्टी, एक पाईपच्या आडव्या रेलवर तोंड वर करून, दुसरी बोर्डाच्या मागे तोंड खाली करून. बोर्ड उचलायचा, थोडा वर धरायचा, खाली सोडायचा, पट्टीत पट्टी बसते. फोटोफ्रेम भिंतीवर टांगतो तसंच, फक्त खिळ्याऐवजी पूर्ण रुंदीची पट्टी. यात बोर्ड आडवा कितीही सरकू शकतो, म्हणजे उन्हात फुगायला मोकळा. हेच करायचं ठरवलं.

हिशोब करून ठेवतो म्हणजे नंतर कोणी विचारलं तर दाखवता येईल. अ‍ॅल्युमिनियम एका मीटरला, एका अंशाला ०.०२४ एमएम वाढतं, लोखंड त्याच्या निम्मं. आज दुपारी दोन वाजता इन्फ्रारेड गनने मोजलं, अंगणात पडलेली जुनी निळी शीट ७० अंश, आणि शेजारी ठेवलेला आयव्हरी रंगाचा सॅम्पल तुकडा ५७. थंडीत आपल्याकडे पहाटे ७-८ अंश असतंच. म्हणजे आठ फुटाची निळी शीट वर्षभरात साडेतीन एमएम मागेपुढे करत होती. आयव्हरी घेतली तर पावणेतीन, आणि मागची लोखंडी रेल सावलीत असते, ती एक एमएम वाढेल, दोघांत फरक पावणेदोन-दोन एमएमचा. मधोमध एकच जागा पक्की केली तर दोन्ही टोकांना एकेक एमएम. एवढ्यासाठी आतापर्यंत शीटा फाटत होत्या.

गडद रंग नकोच हे यावरून ठरलं. अप्पांना निळा पाहिजे होता. अक्षरं निळी करू म्हणलं, मानले.

२८ एप्रिल, रविवार

वाऱ्याचं गणित. आयएस ८७५ (बांधकामावरच्या भारांचं भारतीय मानक) च्या तिसऱ्या भागात शहरांची यादी आहे, त्यात नाशिकला बेसिक विंड स्पीड, म्हणजे हिशोबाला धरायचा वाऱ्याचा वेग, सेकंदाला ३९ मीटर आणि नागपूरला ४४. आपण मध्ये, मी ४४ धरला. दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, येतो ११६१ न्यूटन, सरळ भाषेत दर चौरस मीटरला ११८ किलो. बोर्ड ८ बाय ४ म्हणजे साधारण ३ चौरस मीटर, त्यावर आकाराचा १.२ चा गुणक. एकूण सव्वाचारशे किलो. बोर्डाचं स्वतःचं वजन पंचवीस-तीस किलो आणि वारा ढकलणार सव्वाचारशेने! लोक बोर्ड "पडू नये" म्हणून खालून आधार देत बसतात, खरं तर त्याला मागे-पुढे धरायचं असतं.

खालची कड जमिनीपासून ४ फुटावर ठेवली तर बोर्डाचा मध्य ६ फुटावर. एका पाईपला बुडाशी येणारा मोमेंट (वाकवायचा, उलथवायचा जोर) ३८९ किलो-मीटर. वेल्डर मामा म्हणत होते ६० बाय ६०, ३ एमएमचा चौकोनी पाईप भरपूर झाला, सगळीकडे तोच लावतो. त्यात ताण येतो ३०० मेगापास्कलच्या वर आणि साध्या पाईपची यील्ड, म्हणजे ज्या ताणाला तो कायमचा वाकतो, २१० ते २४०. ८० बाय ८०, ४ एमएम घेतला तर ताण १३० वर येतो. मामांना कागद दाखवला, ते कागदाकडे न बघता म्हणाले, "हाव भो, तू म्हणशील तो आणू, मले काय, पैसा तुमचाच."

आता पाया. इथं खरी मेख आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात अशी तडकते की भेगेत हात जातो. आणि वादळं कधी येतात? मे अखेर आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, रावेर-यावलकडं केळीच्या बागा आडव्या होतात त्या याच दिवसांत. म्हणजे नेमकं जेव्हा माती पायाच्या कडेने सुटलेली असते तेव्हाच जोराचा वारा. पायाला बाजूची माती धरून ठेवेल हा हिशोबच धरायचा नाही. काँक्रिटच्या नुसत्या वजनावर उभं राहिलं पाहिजे.

३ फूट बाय ३ फूट, ४ फूट खोल ठोकळा. वजन सव्वादोन टनाच्या वर, उलथायला १०५० किलो-मीटरचा मोमेंट लागतो आणि ठोकळ्याच्या बुडाशी वाऱ्याचा येतो ६४४. चालतंय.

खड्डे खणायला सांगितले. चार फुटाच्या जरा आधीच पिवळट मुरूम लागला, बरं झालं, बूड काळ्या मातीत राहणार नाही. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबून खड्ड्यात डोकावतोय. एक जण तर गाडी बंद करून उभा राहिला, "आठे टॉवर उभा करी राह्यना का भो?" हसण्यावारी नेलं.

३ मे

काँक्रिट टाकलं. दिवसा ४२-४३ असताना काँक्रिट टाकणं म्हणजे पाणी उडून वरचा थर भाजून निघतो, म्हणून पाचनंतर चालू केलं आणि लाईट लावून रात्री संपवलं. १:१.५:३ चा माल, छोटा मिक्सर.

पाईप सरळ काँक्रिटमध्ये गाडायचा नाही, हे मामांशी आधीच बोलून ठेवलेलं. गाडलेला पाईप जिथं काँक्रिटमधून बाहेर येतो तिथंच पाणी थांबतं आणि तिथूनच सडतो, वरून रंग कितीही चांगला दिसू दे. त्याऐवजी १६ एमएमचे चार जे-बोल्ट प्रत्येक ठोकळ्यात, वर १२ एमएमची बेस प्लेट. बोल्ट हलू नयेत म्हणून प्लायवूडचा साचा केला, दोन्ही खड्ड्यांचे साचे एका लांब फळीवर ठोकले म्हणजे दोन पाईपांमधलं अंतर (मध्य ते मध्य दीड मीटर) चुकणार नाही. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावून वर सेलोटेप. हे नाही केलं तर नंतर आट्यांतलं सिमेंट खरवडत बसावं लागतं.

गोणपाट ओले करून झाकलेत. वाचनालयातला शिपाई दादा सकाळ-संध्याकाळ पाणी मारणार, शेजारच्या मावशींनी दुपारचं स्वतःहून घेतलं. पाणी त्यांच्याच नळाचं, म्हणून जरा जपूनच सांगतोय.

१० मे

आखाजी (अक्षय्य तृतीया). काम बंद. मामांकडं लेकी माहेरी आलेल्या, लिंबाला झोके बांधलेले, त्यांना फोन करायची सोय नाही. सांजोऱ्या आणि आमरस.

१४ मे

काल मतदान होतं आपल्याकडं, आणि संध्याकाळी मुंबईत घाटकोपरला वादळात होर्डिंग पेट्रोल पंपावर पडलं. आज सकाळपर्यंत १४ मृत्यू. १२० बाय १२० फुटाचं होतं म्हणे, परवानगीचं माप ४० बाय ४०. व्हिडिओत बघितलं तर पत्रा कुठं फाटलेला नाही, अख्खा सांगाडा बुडासकट आडवा झालाय. आपला बोर्ड त्याच्यापुढं पोस्टाचं तिकीट आहे, पण पडायची पद्धत तीच असते.

आज खड्ड्यांबद्दल कोणीही काही बोललं नाही. अप्पांनी स्वतः येऊन ठोकळ्यावर पाय आपटून बघितला.

मामांच्या दुकानात पाईप कापले. गॅल्व्हनाईज्ड आणलेत. वेल्डिंगच्या जागेवरचा जस्ताचा थर आधी ग्राईंडरने काढायला लावला, जस्त जळलं की त्याचा पांढरा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी वाजून ताप येतो, मामांना हे माझ्यापेक्षा जास्त माहितीये, तरी पोरगा तसाच वेल्डिंगला बसत होता. वेल्डिंग झाल्यावर त्या पट्ट्यांना झिंक रिच प्रायमर, मग दोन हात करडा रंग. पाईपांची वरची तोंडं प्लेट लावून बंद. पाईपांच्या मध्ये आणि दोन्ही बाजूंना बाहेर निघालेल्या अशा ४० बाय ४० च्या तीन आडव्या रेल.

१९ मे, रविवार

जळगावला जाऊन एमआयडीसीतून शीटचं राउटिंग करून आणलं.

शीट ४ एमएम, दोन्हीकडं अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा अर्ध्या एमएमचा, मध्ये प्लास्टिक, कोटिंग पीव्हीडीएफ (उन्हापावसात टिकणारं). बाजारात पाव एमएम पत्र्याची ३ एमएमची शीट जवळपास निम्म्या भावात मिळते, भिंतीला सपाट चिकटवायला ठीक, पण आपल्याला घडी घालायची आहे. घडीच्या जागी मागून नव्वद अंशाची व्ही आकाराची खाच मारतात, मागचा पत्रा आणि प्लास्टिक कापून समोर फक्त ०.८ एमएम ठेवायचं, म्हणजे समोरचा अर्धा एमएम पत्रा आणि त्याला चिकटलेला प्लास्टिकचा पापुद्रा. पाव एमएमच्या पत्र्यात हीच घडी चिरते. राउटरवाल्याने आधी एका तुकड्यावर खाच मारून दिली, ती हाताने मोडून बघितली, बाहेरची कड एकसंध गोल आली, रंगाला चीर नाही. मग पूर्ण शीट टेबलावर घेतली.

चारही बाजूंना ४० एमएमची घडी, म्हणजे बोर्ड आता पत्र्याच्या ताटासारखा उथळ डबा झाला, समोरून २३६० बाय ११४०. कोपऱ्यांना आतून अ‍ॅल्युमिनियमचे छोटे अँगल आणि रिव्हेट घडीच्या बाजूने, समोरच्या तोंडाला एकही नाही. खालच्या घडीला ८ एमएमची भोकं पाणी निघायला.

घडीच्या रेषेवरची प्लास्टिक फिल्म आधी सोलून घेतली. बाकीची ठेवलीये, पण फार दिवस नाही, आपल्या उन्हात ती फिल्म शीटला भाजून चिकटते आणि मग नखाने निघते, तीही तुकड्या-तुकड्याने. येताना टेम्पोत शीट उभी बांधली, खाली गाद्या. एरंडोलला थांबून शेवभाजी.

२२ मे

पारा चव्वेचाळीसच्या पुढं. सकाळी सहा ते नऊ एवढंच काम.

डब्याच्या मागे अ‍ॅल्युमिनियमची चौकट चिकटवायची, तिच्यावर झेड पट्ट्या. इथं टेप लागला. चौकट आणि शीट दोन्ही अ‍ॅल्युमिनियम, दोघं बरोबरच फुगणार, म्हणून इथं चिकटवलेलं चालतं. जिथं अ‍ॅल्युमिनियम लोखंडाला भेटतं तिथं मोकळं ठेवायचं.

टेपचा अंगठा-नियम, एक किलो कायमच्या वजनाला साधारण ६० चौरस सेंटिमीटर. आपलं सगळं वजन तीस किलो धरलं तर १८०० चौ.सेंमी., २५ एमएम रुंदीचा टेप सव्वासात मीटर. तीन आडव्या आणि दोन उभ्या पट्ट्या मिळून नऊ मीटरच्या वर बसला. चिकटवायच्या आधी आयसोप्रोपाईल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं, पांढऱ्या कपड्याने एकाच दिशेने पुसायचं, कपडा काळा यायचा थांबेपर्यंत. मामांचा पोरगा थिनर घेऊन आला होता, नको म्हणलं, थिनर तेलकट थर सोडून जातो. टेप लावला की रोलरने दाबायचा, हाताने नाही. २० मिनिटात निम्मा जोर येतो, पूर्ण यायला ७२ तास. तोपर्यंत बोर्ड सतरंजीवर पालथा, वर पुस्तकांचे गठ्ठे. मराठी विश्वकोशाचे खंड यासाठी उत्तम, वजनाला आणि आकाराला एकसारखे. ग्रंथपाल ताईंनी नाराजीने दिलेत, वर वर्तमानपत्र पसरून.

२६ मे, रविवार

अक्षरं. यात मजा आहे.

सुरुवातीला सगळे म्हणत होते अ‍ॅक्रिलिकची करा, चमकतात. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट फुगतं. इंग्रजी बोर्डाला त्याने फरक पडत नाही, तिथं प्रत्येक अक्षर सुटं, वीतभर रुंद. आपल्या शब्दाला शिरोरेखा असते, "सार्वजनिक" हा अख्खा शब्द एकच तुकडा, ९०० एमएम लांब. त्याच्या दोन टोकांना मागून स्टड (आटे असलेल्या छोट्या सळ्या) आवळले की उन्हाळ्यात दोन एमएम जागा पाहिजे आणि ती नाही, मग शिरोरेखा सगळ्यात अरुंद जागी मोडते. एका तालुक्याच्या गावी दुकानावर असाच "ज्वेलर्स"चा "र्स" लोंबकळताना बघितलाय.

म्हणून ४ एमएमची अ‍ॅल्युमिनियम शीट, लेझर कट, निळा पावडर कोटिंग. शीट आणि अक्षर एकाच जातीचं, भांडण नाही. दोन ओळी: सार्वजनिक, आणि खाली वाचनालय व ग्रंथालय. प्रत्येक तुकड्याला मागून अडीच एमएम खोल आटे पाडून एम४ चे स्टड, इपॉक्सी लावून. बोर्डाला आरपार ५ एमएमची भोकं, मध्ये १० एमएमचा नायलॉन स्पेसर, मागून नट. अक्षर शीटपासून सुटं राहतं, सावली पडते आणि धूळ-पाणी मागून निघून जातं. भोकांसाठी लेझरवाल्याकडूनच कागदावर त्याच मापाची प्रिंट घेतली, ती बोर्डावर चिकटवून भोकं पाडली. प्रत्येक भोकात न्यूट्रल सिलिकॉनचा थेंब, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातलं आम्ल धातूला खातं.

सगळ्यात छोटा तुकडा "ग्रं"वरचा अनुस्वार. एकच स्टड बसतो, पण गोल असल्यामुळे फिरला तरी कोणाला कळणारे. वेलांटी आणि रफार शिरोरेखेला जोडलेले, त्यांची काळजी नाही.

देणगीदारांची नावं बोर्डावर घ्यायची का यावर बैठकीत बराच वेळ गेला. खाली वेगळी छोटी पट्टी टांगायची ठरलं, नावं बदलत राहतात, बोर्ड का बदलायचा.

३० मे

पाईप उभे केले. पहाटे साडेपाचला, क्रेन वगैरे नाही, मामा, त्यांचा पोरगा, दादा आणि मी.

बेस प्लेटच्या खाली एक नट, वर एक नट. खालचे नट वरखाली करून पाईप ओळंब्यात आणला, दोन्ही बाजूंनी. मग प्लेटच्या खालच्या फटीत नॉन श्रिंक ग्राऊट (सुकताना न आकसणारा सिमेंटचा माल), कडेने उतार दिला म्हणजे पाणी प्लेटपाशी थांबणार नाही.

मग रेलवर झेड पट्ट्या. पट्टी ३ एमएम जाडीची, मध्ये रबर टेप म्हणजे लोखंड-अ‍ॅल्युमिनियम थेट भेटत नाहीत, स्टेनलेसचे एम६ बोल्ट, नायलॉन वॉशर. पट्टीच्या मध्यभागी गोल भोक, बाकी सगळी आडवी लांबट.

महत्त्वाचं माप इथं आहे. तीन पट्ट्या आहेत म्हणून वजन तिघींवर वाटून जाईल असं होत नाही. अर्ध्या एमएमचा फरक असला तरी वजन एकीवरच येतं आणि बाकीच्या दोन नीट बसतच नाहीत किंवा बसायला अडतात. म्हणून ठरवूनच, वजन फक्त वरची पट्टी घेणार, मधली आणि खालची फक्त वाऱ्याने बोर्ड पुढं ओढला की धरणार. बोर्डाच्या मागे पट्ट्यांचं अंतर ५२० आणि १०४०, रेलवर ५२२ आणि १०४२. खालच्या दोन पट्ट्यांत दोन एमएम मोकळे. ५२२ ची आणि १०४२ ची अशा प्लायवूडच्या दोन पट्ट्या कापल्या आणि वरच्या पट्टीपासून त्याच टेकवून बोल्ट मारले, टेप लावून मोजायच्या भानगडीत पडलो नाही.

मामा म्हणाले मोकळं ठेवलं तर वाजेल. बरोबर आहे. वाचनालयाच्या दारात खडखड वाजणारा बोर्ड कोणाला पाहिजे. वरच्या पट्टीच्या खोबणीत आणि खालच्या दोन्हींच्या आतल्या अंगाला दीड एमएमची ईपीडीएम रबराची पट्टी.

२ जून, रविवार

टांगला.

चौघांनी उचलला, दोन घोड्यांवर फळी टाकून उभे. पट्टीत जायला पंधरा एमएम वर उचलावा लागतो, तेवढं एकदम सगळ्यांनी उचलायचं म्हणजे एकाने मोजायचं. खाली सोडला तसा खट्ट आवाज न येता रबरात दबून बसला. बाजूने डोळा लावून बघितलं, तिन्ही पट्ट्या अडकलेल्या. टोकाला धरून ढकलला तर एका बोटाने आडवा सरकतो! पंचवीस-तीस किलोचा बोर्ड एका बोटाने सरकतोय हे बघून अप्पा घाबरले, "अरे, सैल राहिला." मग त्यांना पुढं ओढून बघायला लावलं, तसूभर येत नाही. वर उचलून बघायला सांगितलं तर उचलला जातो, आणि त्याचाच बंदोबस्त बाकी होता.

वाऱ्याने बोर्ड थरथरतो, थरथरत वर चढला आणि पट्टीतून सुटला असं होऊ शकतं. म्हणून खालच्या घडीतून, जमिनीकडून वर, तीन स्क्रू एम६, खालच्या रेलला वेल्ड केलेल्या कानात. मधला गोल भोकात, घट्ट, हा बोर्डाचा एकमेव पक्का बिंदू. कडेचे दोन लांबट भोकात, नायलॉन वॉशर, घट्ट करून पाव फेरा मागे. स्क्रू टॉर्क्स डोक्याचे (चांदणीसारखी खाच), मध्ये पिन असलेले, साध्या पान्याने निघत नाहीत. दिसायचे असतील तर बोर्डाखाली वाकून वर बघावं लागतं.

उरलेली फिल्म सोलली. अप्पा रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहिले, मग बोर्डाच्या अगदी जवळ येऊन अक्षरांच्या मागे डोकावले, मग मला विचारलं, "हे धरलं कशाने आहे?" मागे नेऊन दाखवलं.

पार्टी म्हणून मामांच्या मळ्यात भरीत, कळण्याची भाकरी.

९ जून, रविवार

काल संध्याकाळी पाचच्या सुमारास वादळ. आधी धूळ, मग दहा-पंधरा मिनिटं असा वारा की समोरच्या रसवंतीचे पत्रे रस्त्याच्या पलीकडं. निवडणुकीनंतर लागलेले अभिनंदनाचे फ्लेक्स तर बांबूसकट. मी खिडकीतून बघत होतो, बोर्ड पाईपांसकट किंचित डुलतो, ८० चा पाईप पण डुलतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आवाज आला नाही.

आज सकाळी तपासलं. कडेच्या स्क्रूंवर मार्करने रेघ मारून ठेवली होती, फिरलेले नाहीत. ठोकळ्याच्या कडेने मातीत बोटभर भेग सगळीकडून, अपेक्षितच, पण ठोकळ्यावर लेव्हल ठेवली तर जागचा हललेला नाही. डाव्या टोकाला रेलवर पेन्सिलने खूण होती, सकाळी आठला आणि दुपारी दोनला बघितलं, बोर्डाची कड खुणेच्या जराशी पुढं. एकेक एमएम धरला होता तो वर्षभराचा, हे एकाच दिवसाचं, त्यात आजचं ऊन ढगाळ.

१६ जून, रविवार

चांगला पाऊस. ओघळ नाही. खालच्या भोकांतून पाणी थेंब-थेंब पडतंय, डब्यात साचत नाही. भेगा बुजायला लागल्या, आता माती फुगेल तेव्हा ठोकळा वर उचलते का ते पोळ्यापर्यंत लेव्हल लावून बघत राहायचं.

टॉर्क्सची किल्ली ग्रंथपाल ताईंच्या टेबलाच्या खणात, चिठ्ठी बांधून. चिठ्ठीवर लिहिलंय की कडेचे स्क्रू आवळू नयेत, कारण पुढचा कोणीतरी चांगल्या मनाने येऊन "सैल झालेत" म्हणून कचकचून आवळणार हे नक्की.

राहिलेलं: देणगीदारांची पट्टी टांगणे. लाईट (वरून, कंड्युट पाईपच्या मागून). आणि बोर्डाच्या मागच्या मोकळ्या जागेत चिमण्यांनी काड्या आणायला सुरुवात केलीये, तर वरच्या आणि बाजूच्या फटीला स्टेनलेसची जाळी लावावी लागेल, घरटं पूर्ण व्हायच्या आत, नाहीतर पिल्लं उडेपर्यंत ताई हात लावू देणार नाहीत.